कधीपासून?

माझे वडील इंग्रजी शिकवत. येळ्ळूरची आणि आसपासच्या गावांतली शेतकऱ्यांची पोरं त्यांच्या वर्गात असत, आणि त्या पोरांच्या हातून वर्षानुवर्षं एकच चूक व्हायची: 'आय हॅव कम यस्टरडे.' अण्णा लाल शाईने 'हॅव कम' खोडायचे आणि वर 'केम' लिहायचे. एखादा धीट पोरगा उठून विचारायचा, "पण गुरुजी, काल आलोय न्हवं मी? अजून हितंच हाय की." अण्णांकडे त्यावर नियम होता, उत्तर नव्हतं. नियम असा, की यस्टरडे, लास्ट इयर, इन 1956 असा होऊन गेलेला ठरावीक काळ वाक्यात आला की हॅव-हॅज लावायचं नाही. का नाही, तर इंग्रजीत तसं चालत नाही. पोरगा बसायचा, पण त्याचं समाधान झालेलं नसायचं, आणि मला वाटतं अण्णांचंही होत नसावं.

मराठीत बघा. 'मी कालच आलोय, अजून पिशवीसुद्धा उघडली नाही' हे वाक्य कोणालाही खटकणार नाही. (आमच्याकडे बायकाही 'आलोय' म्हणतात, 'आलेय' नाही. पुण्याच्या माणसांना ते ऐकून गंमत वाटते; आम्हांला त्यांच्या 'आलेय'ची वाटते.) या वाक्यात दोन तुकडे आहेत, 'आलो' आणि 'आहे'. 'काल' हा शब्द पहिल्या तुकड्याला चिकटतो: येणं काल झालं. दुसरा तुकडा आजचा: मी अजून इथंच आहे. बोलताना 'आलोय' असं एकच टरफल झालं तरी आत दाणे दोन आहेत आणि कालचा दिवस त्यांतल्या एकाला धरून बसू शकतो. इंग्रजीत 'हॅव कम' हा एकच दाणा झालाय. त्याचा पाय आजच्या दिवसात रोवलेला, म्हणून काल त्याच्याजवळ जाऊ शकत नाही. हे मला सुचलं तेव्हा अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

आता याच्या उलटची चूक. 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स.' बेळगावात, निपाणीत, कोल्हापुरात, कुठल्याही हापिसात जा, हे वाक्य ऐकू येतं. यात इंग्रजीच्या हिशेबाने दोन चुका. एक म्हणजे इथे 'हॅव' पाहिजे आणि आपण तो टाकला नाही. दुसरी म्हणजे 'सिन्स'च्या पुढे सुरुवातीची खूण लागते, 1956, सोमवार, लग्न; आणि 'फॉर'च्या पुढे लांबी लागते, दहा वर्षं, तीन तास. आपल्याकडे 'पासून' दोन्ही कामं करतं. '1956 पासून' आणि 'दहा वर्षांपासून'. आणि क्रियापद? 'राहतो.' साधा वर्तमानकाळ. जे अजून चालू आहे ते वर्तमानात, यात आपल्याला काही विशेष वाटत नाही.

कन्नडही इथे आपल्याच बाजूला आहे. आमच्या घरात दोन्ही भाषा चालतात, सीमाभागातल्या पुष्कळ जैन घरांत चालतात. 'हत्तु वर्षदिंद इल्ले इद्देने', दहा वर्षांपासून इथेच आहे. 'इंद' म्हणजे आपलं पासून, आणि तेही सालाला लागतं तसंच लांबीलाही लागतं. गंमत पुढे आहे. 'इद्दे' म्हणजे मी होतो आणि 'इद्देने' म्हणजे मी आहे. कन्नडच्या 'आहे'च्या पोटात 'होतो' बसलेला आहे. इंग्रजी 'हॅव बीन'च्या पोटात जसा 'बीन' तसाच. शेजारणीच्या घरात रोज ऐकलेला हा शब्द मी कधी फोडून बघितला नव्हता.

मराठीची आणखी एक तऱ्हा आहे, आणि ती मला सगळ्यांत आवडते. 'गेली दहा वर्षं मी इथे राहते.' इंग्रजीने जो भूतकाळ क्रियापदावर लादला तो आपण वर्षांवर लादला. गेली ती वर्षं; राहणं काही गेलेलं नाही. आणि बायका बोलताना तर याहूनही वेगळं बोलतात: 'मला इथे येऊन दहा वर्षं झाली.' 'त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.' इथे वाक्याचा कर्ता मी नाहीच. वर्षं झाली. माणूस एका बाजूला 'येऊन', 'जाऊन' असा उभा, आणि झाली ती वर्षं. दुखवट्याला आलेल्या बाया हेच वाक्य बोलतात, आणि त्याचं नेमकं इंग्रजी करायला सांगितलं तर भलेभले अडतात.

या बाबतीत जगात एकटी आपलीच भाषा नाही. जर्मन माणूस 'दहा वर्षांपासून' म्हणताना आपल्यासारखाच वर्तमानकाळ वापरतो, फ्रेंचही तसंच बोलतो. शिवाय त्या दोघांच्या बोलण्यात 'मी काल आलो आहे' या घडणीचं वाक्य सरळ चालतं. म्हणजे वेगळी वाट इंग्रजीचीच आहे, आणि तिचीही ती पहिल्यापासून इतकी कडक नव्हती. तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'हॅव'सोबत होऊन गेलेल्या काळाचे शब्द सापडतात. पुढे ते मावळले, मग व्याकरणकारांनी त्यावर शिक्का मारला.

तो शिक्का आपल्याकडे कसा आला याचाही इतिहास आहे. लिंडली मरे या गृहस्थाचं इंग्रजी व्याकरण 1795 मध्ये निघालं आणि पुढे इंग्रजी शिकवणाऱ्या सगळ्या जगात ते चाललं. मरेचं म्हणणं असं, की ज्या काळाचा काही भाग अजून उरलेला आहे, हे वर्ष, हे शतक, त्या काळाबरोबर हॅव लावा. जो काळ पुरता संपला त्याच्याबरोबर लावू नका. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं तेव्हा त्यांच्यापुढे नमुना होता तो मरेचाच. दादोबांना मराठीचे पाणिनी म्हणतात, आणि त्या वेळी त्यांचं वय होतं बावीस. त्यांची योग्यता मोठीच. पण इंग्रजीचा साचा समोर ठेवून मराठीची क्रियापदं लावायची म्हटली, की 'आलो आहे'च्या समोर 'हॅव कम' लिहिलं जाणार, आणि दोन्ही एकच असा समज शाळेत रुजणार. पुढे मोरो केशव दामल्यांनी 1911 च्या शास्त्रीय व्याकरणात मराठीकडे मराठी म्हणून कितीतरी बारकाईने पाहिलं. पण शाळांत चालली ती भाषांतर पाठमाला. तर्खडकर हे आडनाव तिच्यामुळे घरोघरी पोचलं आणि पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर इंग्रजी शिकल्या. अण्णांची प्रत तर पाठ निघालेली, दोऱ्याने शिवलेली होती. डावीकडे मराठी वाक्य, उजवीकडे इंग्रजी, अशा जोड्या घोकल्या की डावं आणि उजवं सारखंच आहे असं वाटायला लागतं. आमच्या येळ्ळूरच्या पोराने 'काल आलोय'चं 'हॅव कम यस्टरडे' केलं, त्यात त्याचा काय दोष?

हे सगळं शाळेपुरतं राहिलं असतं तर मी लिहायला बसले नसते.

1974 साली कर्नाटकात कूळकायद्याची मोठी दुरुस्ती अमलात आली. 1 मार्च 1974 च्या लगतपूर्वी जी जमीन कुळाच्या ताब्यात होती ती त्या दिवशी आणि त्या दिवसापासून सरकारजमा झाली असं समजायचं, आणि मग कुळाने सात नंबरचा फॉर्म भरून ती आपल्या नावावर मागायची, अशी व्यवस्था होती. अर्जाची मुदत वाढत वाढत 30 जून 1979 पर्यंत गेली. सीमेपलीकडे, म्हणजे मुंबई राज्यात, कूळ मालक होण्याचा दिवस त्याच्या कितीतरी आधीचा, 1 एप्रिल 1957. त्याला कृषिदिन म्हणतात. येळ्ळूर 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत मुंबई राज्यात होतं. कृषिदिन उगवला तेव्हा आम्हांला म्हैसूर राज्यात जाऊन पाच महिने झाले होते.

त्या मुंबईच्या कायद्याचं इंग्रजी मुद्दाम पाहण्यासारखं आहे. 1 एप्रिल 1957 रोजी प्रत्येक कुळाने जमीन 'विकत घेतली आहे असे मानले जाईल': 'डीम्ड टु हॅव पर्चेज्ड'. तारीख आहे, 'ऑन' आहे, आणि 'हॅव'ही आहे! अण्णांच्या लाल शाईचा नियम इथे कुठे गेला? नियम आहे तिथेच आहे. फक्त 'टु' लागलं की इंग्रजीला भूतकाळ दाखवायला दुसरा रस्ताच उरत नाही, म्हणून तोच 'हॅव' दोन्ही कामं करतो, आणि काल, परवा, 1957, सगळ्यांना जवळ करतो. म्हणजे ज्या वाक्याने सीमेपलीकडच्या कुळांना शेतं मिळाली, त्याची घडण आमच्या पोरांच्या 'हॅव कम यस्टरडे'ची सख्खी नसली तरी चुलत बहीण.

तर, आमच्या गल्लीच्या टोकाला एक काकू राहायच्या. नवरा लवकर गेलेला, एक मुलगा. ज्या वर्षी राज्यं बदलली त्याच वर्षी लग्न होऊन आल्या आणि आल्यापासून एका भाताच्या शेतात राबल्या. आधी नवऱ्याबरोबर, मग मुलाला घेऊन. शेत आमच्याच भाऊबंदांचं. 1976 मध्ये काकू अण्णांकडे आल्या. अण्णांना कन्नड बोलता यायचं, लिहिणं तेवढं जमत नसे. म्हणून फॉर्मला जोडायचं निवेदन त्यांनी इंग्रजीत लिहायचं ठरवलं. भाऊबंदांविरुद्ध कागद लिहायचा म्हणून आई दोन दिवस त्यांच्याशी धड बोलली नव्हती.

काकू पाय मुडपून बसल्या आणि म्हणाल्या, "लिवा गुरुजी. ह्या शेतात भात लावून वीस वर्सं झाली."

अण्णांनी विचारलं, "मार्च चौऱ्याहत्तरला शेत तुमच्याकडेच होतं ना?"

"व्हतं की. वीस वर्सं झाली म्हंतोय न्हवं मी."

काकूंच्या लेखी प्रश्न तिथेच संपला. वीस वर्षं झाली, त्यात ते चौऱ्याहत्तर आलंच. पण इंग्रजीत हे एका वाक्यात बसेना. 'हॅज बीन कल्टिव्हेटिंग फॉर ट्वेंटी इयर्स' असं लिहिलं की कायद्याने मागितलेली तारीख त्यात घालता येत नाही. तारीख घातली की 'हॅज' ठेवता येत नाही. अण्णा नियमाचे पक्के. कायद्याला तारीख हवी होती, म्हणून त्यांनी तारीख ठेवली आणि हॅज काढलं: त्या तारखेच्या लगतपूर्वी सदर बाई सदर जमीन कसत होती, 'वॉज कल्टिव्हेटिंग'. व्याकरणात एक काना-मात्रा चुकीचा नाही.

सुनावणीत समोरच्या बाजूने एकच प्रश्न आला. त्या दिवशी शेतात कोणतं पीक उभं होतं?

काकू खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. फेब्रुवारी संपताना आमच्याकडे भाताचं शेत मोकळंच असतं. भात दिवाळीच्या पुढेमागे कापून होतं, त्यावर पेरलेला मसूर-वाटाणाही निघालेला असतो. त्या म्हणाल्या, "काय न्हवतं. मसूर काढून झालता."

मग कसत होती म्हणजे काय करत होती? मजुरीला आली असेल. मसूर काढायला रोजावर बाया येतातच.

कागदावर एका दिवसाचं वाक्य होतं, आणि त्या एका दिवशी शेतात खरंच काही चाललं नव्हतं. मजूर आणि कूळ यांच्यातला फरक एका दिवसात दिसत नाही. तो 'पासून'मध्ये असतो. अण्णांनी नेमकं तेच शुद्धलेखनापायी खाली टाकलं होतं.

दुसरं निवेदन त्यांनी रात्री बसून लिहिलं, आणि मी समोर बसून पाहिलं, कारण कंदिलाची वात वर-खाली करायचं काम माझ्याकडे होतं. या वेळी त्यांनी 'हॅड बीन' घेतलं. मार्च 1974 ला त्यांना त्या शेतात अठरा वर्षं झालेली होती. 'सिन्स 1956', 'फॉर एटीन इयर्स', दोन्ही घातलं. पुढच्या वाक्यात 'हॅज कंटिन्यूड टिल डेट'. काकूंच्या पाच-सहा शब्दांची इंग्रजीत तीन वाक्यं झाली. फेरसुनावणी झाली, पंच साक्षी झाल्या, शेत काकूंच्या नावावर लागलं. मधे दोन पावसाळे गेले. त्या दोन्ही पावसाळ्यांत लावणी कोणी करायची यावरून बांधावर जे झालं ते मी इथे लिहीत नाही. भाऊबंदांच्या घरी आमचं पुढे बरीच वर्षं जाणं-येणं नव्हतं, एवढंच.

'त्या दिवशी आणि त्या दिवसापासून' हे कायद्याचे शब्द मी नंतर पुन्हा वाचले. नुसतं 'पासून' म्हटलं तर तो दिवस धरायचा की सोडायचा, अशी शंका राहते, म्हणून वकिली इंग्रजी 'ऑन अँड फ्रॉम' असं दोन काठ्या टेकत चालतं. हीच शंका पाणिनीला होती. संस्कृतात 'आ' लावून 'पर्यंत' किंवा 'पासून' सांगतात, आमरण, आजन्म. पाणिनीने त्याचे दोन अर्थ वेगळे केले: मर्यादा, म्हणजे सीमा सोडून, आणि अभिविधि, म्हणजे सीमा धरून. टीकाकारांनी उदाहरण दिलं ते पावसाचं. पाटलिपुत्रापर्यंत पाऊस झाला, म्हणजे पाटलिपुत्रात झाला की त्याच्या वेशीवर थांबला? सीमेवर राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न कोणी समजावून सांगावा लागत नाही.

1981 च्या फेब्रुवारीत आम्ही सगळे श्रवणबेळगोळला गेलो. बाहुबलींच्या मूर्तीला हजार वर्षं झाली म्हणून त्या वर्षीचा महामस्तकाभिषेक मोठा होता. भाऊबंदांचंही बिऱ्हाड आलं होतं, आणि डोंगर चढताना आई आणि तिकडची काकी किती वर्षांनी एकमेकींशी बोलल्या. मूर्तीच्या पायाशी ते लेख आहेत. मराठी माणूस तिथे गेला की आधी तेच शोधतो. नागरी लिपीतल्या दोन छोट्या ओळी. एकीत गंगांचा मंत्री आणि सेनापती चावुंडरायाने मूर्ती करवली असं आहे, दुसरीत होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती गंगराजाने भोवतालचा परिसर बांधवला असं. दोन्हीकडे क्रियापद तेच: 'करवियले'. चावुंडरायाची गोष्ट कन्नडमध्ये आणि तमिळमध्येही कोरली आहे.

कन्नड ओळीत क्रियापद आहे 'माडिसिदं', आणि त्याचा शेवट चावुंडरायाकडे पाहतो: त्याने करवलं, तो पुरुष, एक. मराठी 'करवियले' त्याच्याकडे पाहत नाही. ते जे झालं त्याच्याकडे पाहतं, नपुंसकलिंगी. संस्कृतातल्या 'कृतम्'पासून प्राकृतातून हा रूपांचा वंश आला, वाटेत त्याला 'ल' चिकटला, आणि 'केले', 'गेले', 'करवियले' अशी रूपं झाली. मुळात ही सगळी 'झालेलं आहे' या अर्थाची. पुढे ती झिजून साधा भूतकाळ झाली, म्हणून 'आता' दाखवायला आपल्याला वेगळा 'आहे' लावावा लागला. त्या ओळी कोरल्या तेव्हा तो झिजलेला नव्हता की झिजायला लागला होता, हे सांगायला ओळीच फार छोट्या आहेत.

आणि दोन्ही ओळींत साल नाही. कधी, कधीपासून, काही नाही. मूर्ती साधारण 981 च्या सुमाराची, परिसराचं बांधकाम त्यानंतर एकशेतीसहून जास्त वर्षांनी, 1117 च्या आसपासचं. पण दोन ओळींचं अक्षर एकाच वळणाचं दिसतं. मग पहिली ओळ मूर्ती झाली तेव्हाची, की गंगराजाच्या वेळी दोन्ही एकदम कोरल्या? पहिली मूर्तीबरोबरची असेल तर मराठीचा सर्वांत जुना लेख आमच्या बाहुबलींच्या पायाशी. दोन्ही नंतरच्या असतील तर तो मान जातो अलिबागजवळच्या अक्षीच्या शिळेला, कारण तिच्यावर साल आहे, शं. गो. तुळपुळ्यांनी ते शके 934, म्हणजे इसवी सन 1012, असं वाचलं. विद्वानांचा या प्रश्नावर बराच काथ्याकूट झालेला आहे. जैन म्हणून मला पहिली बाजू खरी निघावीशी वाटते, हे लपवत नाही. अक्षरं मात्र दुसऱ्या बाजूची साक्ष देतात असं माझं मत झालं आहे.

अण्णा त्या ओळींसमोर बराच वेळ उभे होते. मागून गर्दी ढकलत होती. खाली उतरताना ते म्हणाले, "यात चूक कशी काढणार? ज्या दिवशी कोरलं असेल त्या दिवशी ते खरंच होतं." मला ते तेव्हा नीट कळलं नाही. चावुंडरायाने मूर्ती करवलेली आहे, हे वाक्य 981 ला खरं, 1117 ला खरं, आम्ही डोंगर उतरत होतो तेव्हाही खरं, कारण मूर्ती उभी आहे. साल घातलं असतं तर ते बरोबर किंवा चूक ठरलं असतं. साल न घातल्यामुळे वाक्य कायम खरं राहिलं आणि कोरण्याचा दिवस मात्र कायमचा हरवला. काकूंच्या पहिल्या निवेदनात उलटं झालं होतं: दिवस होता, उभं राहिलेलं काही नव्हतं.

पुढे कधीतरी माझ्या वाचनात आलं की हान्स रायशेनबाख नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने 1947 मध्ये काळांची अशी मांडणी केली की प्रत्येक क्रियापदाला तीन खुंट असतात: गोष्ट घडली तो क्षण, बोलतो तो क्षण, आणि जिथे उभं राहून आपण पाहतो तो क्षण. 'केम'मध्ये आपण काल जाऊन उभे राहतो. 'हॅव कम'मध्ये आजच्या दिवसात उभं राहून मागे पाहतो. 'हॅड बीन'मध्ये मधल्याच एका दिवशी, म्हणजे अण्णांच्या निवेदनातल्या 1 मार्च 1974 ला उभे राहून त्याच्याही मागची अठरा वर्षं पाहतो. अण्णांना हे वाचायला मिळालं असतं तर त्या धीट पोराला बसवावं लागलं नसतं.

आता आमच्याकडे 'पासून' म्हटलं की जो आकडा येतो तो 1956. 1 नोव्हेंबर 1956 पासून आम्ही इकडे आहोत. 1966 मध्ये महाजन आयोग नेमला गेला, 1967 मध्ये त्याचा अहवाल आला, महाराष्ट्राने तो मान्य केला नाही. 2004 मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या दाव्याबद्दल इंग्रजी वर्तमानपत्रं 'हॅज बीन पेंडिंग सिन्स 2004' असं लिहितात, आणि वाद 'फॉर डिकेड्स'. या 'हॅज बीन'मध्ये एक गोम आहे. 'पासून' आणि 'हॅज बीन' एकत्र आले की वाक्य सांगतं, आजपर्यंत असंच चालत आलंय. उद्याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. दोन्ही बाजूंची माणसं मात्र तेच वाक्य घेतात आणि उद्याचा अर्थ काढतात: एक म्हणतो इतकी वर्षं झाली म्हणजे आता हेच कायम, दुसरा म्हणतो इतकी वर्षं झाली म्हणजे आता संपायला हवं. वाक्यात यांतलं काहीच नसतं.

आमच्या वेशीवर 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' असा फलक होता. जुलै 2014 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने तो काढला, लोकांनी पुन्हा उभा केला, पुन्हा काढला, लाठीमार झाला. हे त्या वेळी दोन्ही राज्यांच्या वर्तमानपत्रांत भरून आलं होतं. मी त्या तीन शब्दांकडे कितीदा पाहिलं असेन. त्यात क्रियापदच नव्हतं. आहे, होतं, असावं, होईल, काहीच नाही. शिवाय कधीपासून, कधीपर्यंत, तेही नाही. ज्याने त्याने आपापलं क्रियापद मनात लावून तो वाचला.

अण्णांच्या शिवलेल्या पाठमालेत शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांच्या हातची तीन मराठी वाक्यं आहेत, मुलांना भाषांतरासाठी काढलेली. पहिलं, 'मी काल आलो आहे.' त्यासमोर इंग्रजी लिहिलेलं आहे, 'आय केम यस्टरडे', आणि खाली बारीक अक्षरात 'अँड ॲम स्टिल हिअर'. म्हणजे त्या पोराला द्यायचं उत्तर त्यांना सापडलं होतं. कधी ते त्यांनी लिहिलेलं नाही. दुसरं, 'या शेतात भात लावून वीस वर्षे झाली.' त्यासमोर दोनदा लिहून दोनदा खोडलेलं आहे. तिसरं, 'काकूंना जाऊन तीन वर्षे झाली.' त्यासमोरची जागा कोरी आहे.